टर्नरचं पत्र

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू खेकसलास आणि फोन ठेवून दिलास. कारण काय, तर इंग्रजी भाषा संस्कृतातून निघाली हे मी मानत नाही. तोंडातोंडी भांडताना मला काही सुचत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. तू मास्तर आणि मी टर्नर, पण या खेपेला विषय माझ्या धंद्यातला आहे. तेव्हा गुमान वाच.

सुरुवात पुतणीनं केली. ती पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. सुट्टीत शेडवर आली होती. मी लेथवर, म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कातायच्या यंत्रावर, शाफ्टला स्क्रूसारखे आटे पाडत होतो. आटे एका फटक्यात पडत नाहीत. कट संपला की कातायचं टूल बाहेर ओढायचं, लीव्हर रिव्हर्सला टाकून ते टूल धरणारं कॅरेज मागं आणायचं, टूल चिमूटभर आत घ्यायचं की पुन्हा फॉरवर्ड. असं सात-आठ वेळा. पोरगी बराच वेळ लीव्हरकडं बघत होती. मग म्हणाली, "काका, लीव्हरच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द आहे." मी म्हटलं, चष्मा बदल.

तिनं खडू घेतला आणि कपाटाच्या दारावर लिहायला लागली. रिव्हर्समधलं 'व्हर्स' लॅटिनमधलं, त्याचा अर्थ वळणं. फॉरवर्डमधलं 'वर्ड' जुन्या इंग्रजीचं, अमक्या दिशेला वळलेलं अशा अर्थाचं शेपूट. दोघांचं मूळ एक आणि आपल्या 'वृत्'चंही तेच. आवर्तन, परिवर्तन, वर्तुळ ही मंडळी त्यातलीच. एवढंच नाही, आई रोज दुपारी मांडीवर कापूस घेऊन वळत बसते ती वातसुद्धा. संस्कृतातली वर्ति, म्हणजे वळून केलेली. तीस वर्षं त्या लीव्हरवर हात ठेवतोय आणि घरातली वात तिथं आहे याचा पत्ता नाही.

आता तू मांडी थोपटून म्हणशील, बघ, जिंकलो! थांब जरा. लॅटिननं ते मूळ संस्कृतातून घेतलं नाही आणि 'वर्ड' लॅटिनमधून आलं नाही. तिघांनी आपापल्या घरून आणलंय. विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं 1786 साली कलकत्त्यात हेच सांगितलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून निघाल्या आणि तो उगम आता बहुधा उरलेला नाही. चुलत भावंडं आहेत रे ती. आणि तू एकाला दुसऱ्याचा बाप करायला निघालास. मला तर भाऊबंदकीच जास्त मजेची वाटते.

तुला कविता शिकवाव्या लागतात म्हणून हे खास तुझ्यासाठी. इंग्रजी 'व्हर्स' म्हणजे पद्य, ते लॅटिन शब्दातून, आणि त्या शब्दाचा एक अर्थ नांगराचं तास. बांधाशी पोचलं की बैल वळवायचे आणि दुसरं तास धरायचं, तशी कवितेची ओळ संपते आणि वळते. आपणही छंदाला 'वृत्त'च म्हणतो, त्याच धातूवरून. जुने ग्रीक तर शिलालेखही बैल वळवल्यासारखे कोरायचे, एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. क्रीट बेटावर गोर्टिनला कायदे कोरलेली अख्खी भिंत अशी आहे.

पण माझी कॉलर ताठ झाली ती 'टर्न'मुळं. तो शब्द लेथवर जन्मलाय! ग्रीक 'तोर्नोस' म्हणजे वर्तुळ आखायचं नि कातकामाचं हत्यार. त्यावरून लॅटिनमध्ये लेथवर गोल करण्याचं क्रियापद झालं आणि तिथून फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजांकडं. म्हणजे आधी कातारी, मग जगातली सगळी वळणं. आयटीआयला जाताना तुझे बाबा म्हणाले होते, "टर्नर? हा काय धंदा झाला?" आठवतंय?

पिळण्याला इंग्रजांचा जुना शब्द होता 'थ्रो'. फेकणं हा अर्थ नंतरचा. म्हणून त्यांचा कुंभार चाकावर मडकं अजूनही 'थ्रो' करतो, कुठं भिरकावत नाही. 'थ्रेड' त्याचाच, पीळ दिलेला धागा. मी पाडतो त्या आट्यांनाही थ्रेडच म्हणतात. बेंड आणि एल्बो तुझ्या बाथरूमच्या पाइपात आहेत. 'बेंड' मुळात धनुष्याला दोरी बांधून ते ताणणं, आपल्या बांधण्याचा भाऊ. एल्बो म्हणजे कोपर, त्यातलं 'बो' म्हणजे वाक, त्याच घराण्यात आपली भुजा आणि वाकत वाकत जाणारा भुजंग. प्लंबरला सांगितलं तर हसेल.

वेडंवाकडंही सांगून टाकतो. 'राँग' म्हणजे पिळवटलेलं, 'राइट' म्हणजे सरळ. आपण वाकडं वागू नकोस म्हणतो ते वेगळं काय?

सगळ्यात आवडलं ते स्कॉटलंडचं. सूर्य फिरतो त्या बाजूनं फिरण्याला तिकडच्या गेलिक भाषेत 'देशल'सारखा एक शब्द आहे. त्यातलं 'देस' म्हणजे उजवं आणि दक्षिणही. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते, तिथंही आणि इथंही. आणि तो शब्द आपल्या 'दक्षिण'चा सख्खा नातेवाईक. म्हणजे ती त्यांची प्रदक्षिणाच. उलटं फिरणं तिकडंही अशुभ.

हे ऐकून मी गप्प झालो. लेथ फॉरवर्डला टाकून टेलस्टॉककडून, म्हणजे उजव्या टोकाकडून बघ, शाफ्ट धरणारं चक घड्याळाच्या उलट फिरतं. जन्मभर उलट्या प्रदक्षिणा घालून पोट भरलं की काय! पुतणी म्हणाली, "काका, दुसऱ्या टोकाला हेडस्टॉकच्या मागून बघा, सुलटंच आहे." लगेच जाऊन बघितलं. खरंच आहे.

सोबतच्या डब्यात नातवासाठी शिसवी भोवरा आहे. परवा शेड बंद झाल्यावर कातला, आर पोलादाची बसवलीय, टोक जरा जपून. गुंडाळायची जाळी, म्हणजे दोरी, पाठवली नाही. ती तूच वळ, तुझ्यासारखा पीळ मला अजून जमत नाही.

तुझा,
बंड्या