दुर्बिणीची फेस लेफ्ट, फेस राइट

ला पाल्मा, कॅनरी बेटं,
10 जानेवारी

ती. अण्णाकाकांना सा. न. वि. वि.

तुमच्या दुर्बिणीत मेरिडियनच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) एका बाजूला तारा बरोबर मध्ये येतो आणि दुर्बीण उलटवली की तो निसटतो, यात मोटरचा दोष दिसत नाही. थिओडोलाइटवर (मोजणीत कोन मोजायच्या यंत्रावर) तुम्ही फेस लेफ्ट, फेस राइट घेत होतात, म्हणजे एकच खूण नळी सरळ आणि उलटी करून दोनदा मोजत होतात, तेच इथे करायचं.

आधी खात्री करा. एकाच ताऱ्यावर, त्याच बाजूने, चार-पाच वेळा दूर जाऊन परत या. शेवटची हालचाल दर वेळी एकाच दिशेने हवी, नाहीतर गिअरमधली ढिलाई आकड्यांत शिरते. दर वेळी उत्तर वेगळं आलं तर पुढे जाऊच नका. नळी धरणाऱ्या रिंगचा स्क्रू सैल असेल, नाहीतर मुख्य आरसा बैठकीत हलत असेल.

मग मृगातल्या त्रिकांडाचा पश्चिमेकडचा तारा घ्या, मिंटाका. तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे, आणि हेच त्याचं मोल: तिथे आसांमधल्या कोनाची चूक मध्ये येत नाही. तो मेरिडियनवर येईल तेव्हा क्रॉसहेअरवर आणून सिंक करा (म्हणजे दुर्बिणीला सांगा की ती नेमकी याच ताऱ्यावर आहे), दुर्बीण उलटवा, पुन्हा त्याच्याकडे पाठवा आणि आरएमध्ये (पूर्व-पश्चिम दिशेत) किती सरकवावं लागतं ते लिहा. मध्ये दुसरं सिंक नको. समजा 2 मिनिटं 40 सेकंद सरकवावं लागलं. वेळेचं 1 मिनिट म्हणजे 15 कला (60 कलांचा 1 अंश), म्हणून फरक 40 कला. नळीचा तिरकेपणा त्याच्या निम्मा, 20 कला. दोन रिंगांत 300 मि.मी. अंतर असेल तर एका रिंगखाली पावणेदोन मि.मी.ची पितळी पट्टी घाला. फरक कमी न होता दुप्पट झाला तर पट्टी दुसऱ्या रिंगखाली हवी होती! पुठ्ठ्याची घडी मात्र नको, दवाने ती दबते.

आता पहाटे सप्तर्षींतल्या क्रतूवर हेच करा. मिंटाकावर फरक शून्य आणि क्रतूवर काही उरला, तर दुर्बीण ज्या दोन आसांवर फिरते त्यांच्यामधला कोन काटकोन नाही. उरलेल्या फरकाला 3.7 ने भागलं की ती चूक मिळते. ती ओतकामातली असते, पट्टीने जात नाही. सॉफ्टवेअरवर सोडा.

डेकमधली (उत्तर-दक्षिण दिशेतली) चूक मेरिडियनपासून लांब जाताना वाढत गेली तर ध्रुवाकडे रोखलेली आस डावी-उजवीकडे सरकलेली आहे. सगळीकडे सारखीच असेल तर शून्याची जागा चुकली आहे, तेवढंच.

हे सगळं एकदम सोडवायला पॅट्रिक वॉलेस यांचा टीपॉइंट हा प्रोग्रॅम आहे. त्यात नळीचा तिरकेपणा म्हणजे सीएच, काटकोनाची चूक म्हणजे एनपी. त्याला सगळ्या आकाशात पसरलेले तीसेक तारे द्या. फक्त डोक्यावरचे आठ तारे देऊन दहा चुका काढायला बसलात, तर आकडे सुंदर येतील आणि तारे सापडणार नाहीत.

अपवर्तन (हवेत किरण वाकल्याने तारा वर उचललेला दिसणं) मात्र यंत्राच्या चुकांत मिसळू नका. क्षितिजापासून 45 अंशांवर ते 1 कला असतं, 10 अंशांवर 5 च्या वर. इथे 2400 मीटरवर हवा विरळ, म्हणून पाऊणपटच. पुण्यात ध्रुव साडेअठरा अंशांच्या आसपास असतो आणि जवळपास 3 कला उचललेला दिसतो. ध्रुवाकडे बघून आस लावलीत तर तीही तेवढीच वर जाईल.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
नीलेश