27 डिसेंबर, तुह्या वाढदिवसाचं पत्र

प्रिय दोस्ता,

वाढदिवसाच्या लय लय शुभेच्छा. दिवसभर फोन करीन करीन म्हणलं पण तुरीच्या सोंगणीत जमलं नाही, अन् आता रात्रीची लाइन आहे, हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावून बांधावर शेकोटीजवळ बसलो. पाइप बदलवाले अजून तीन तास आहेत म्हणून मोबाइलवर लिहून राह्यलो.

आज शाळेच्या परिपाठात दिनविशेष वाचाची पाळी माह्या पोरीची होती. काल रात्री मले विचारते, बाबा 27 डिसेंबरले काय झालं? मी म्हणलं पह्यले लिही, माह्या दोस्ताचा वाढदिवस! मग मोबाइल घेऊन दोघं बसलो तर काय काय निघालं बापा. 1911 ले याच दिवशी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात जन गण मन पह्यल्यांदा गायलं गेलं, 1797 ले आग्र्यात गालिब जन्मले, 2007 ले बेनझीर भुट्टोले रावळपिंडीत मारलं, अन् सलमान खान तर तिले आधीपासूनच माहीत होता.

पण आपल्या जिल्ह्याचा माणूस सोडून कसं चालंल. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख, 1898, पापळ. म्या तिले सांगितलं की हे गाव आपल्यासारखंच, कापूस-ज्वारीचं, तिथला कुणब्याचा पोरगा विलायतेत शिकून बॅरिस्टर झाला, परत येऊन अमरावतीत अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांसाठी उघडा म्हणून सत्याग्रहात उभा राह्यला, 1932 ले शिवाजी शिक्षण संस्था काढली, घटना समितीत बसला अन् 1952 पासून दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री होता. माहा आजा त्याच संस्थेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकला, नाहीतर आमच्या घरात अंगठाच राह्यला असता. हे सांगताना माहा गळा भरून आला, पोरगी पाहतच राह्यली.

आता खरं तुह्यासाठी लिहितो ते. त्याच यादीत नाव होतं लुई पाश्चर, जन्म 27 डिसेंबर 1822, फ्रान्स. अन् मले एकदम तू दिसला, चौथीतला.

आठवते ना, वाड्यामागं ते पिसाळलेलं कुत्रं पोटरीले लागलं होतं, बायांनी जखमेत मिरची भरली, कोणी म्हणे भगताकडं न्या, अन् तुह्या बाबानं कोणाचंच न ऐकता तुले सायकलच्या दांडीवर बसवून तालुक्याचा दवाखाना गाठला. चौदा दिवस चौदा इंजेक्शनं, बेंबीभोवती. तू शर्ट वर करून दाखवाचा तेव्हा मी रडाचो, तू नाही.

तर ऐक. हा पाश्चर डॉक्टर नव्हताच, रसायनवाला होता, बाप कातडं कमावणारा. पिसाळलेल्या सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वाळवून वाळवून त्यातलं विष कमजोर करत नेलं त्यानं, अन् त्याचीच पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस केली. 1885 च्या जुलैत एक माय आपल्या पोराले घेऊन पॅरिसले आली, जोसेफ मायस्टर, वय 9, दोन दिवसांआधी कुत्र्यानं फाडलेला. पाश्चरले सुई टोचाचा अधिकार नव्हता, म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं टोचलं, दहा-अकरा दिवसात तेरा डोस, दरवेळी आधीपेक्षा जहाल. पोरगा जगला, अन् मोठा झाल्यावर पाश्चरच्याच संस्थेत राखणदार म्हणून राह्यला. तूही तेव्हा नऊचाच होतास ना बे? तुले दिलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनाची, पण वाट पाश्चरनंच पाडली होती. ज्याच्यामुळं तू वाचला तो तुह्याच तारखेले जन्मला, अन् आपल्याले हे इतकी वर्षं माहीतच नाही, याचं मले रात्रभर वाटत राह्यलं.

गेल्या महिन्यात शेजारच्या पोट्ट्याले कुत्रं चावलं. म्या आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, मिरची कोणाले लावू दिली नाही, मग गाडीवर दवाखान्यात नेलं. आता दंडालेच टोचतात अन् चार-पाचातच भागते. तो आज क्रिकेट खेळून राह्यला होता.

पोरीनं आज पाश्चरचं वाचलं, अन् शेवटी स्वतःच्या मनानं म्हणली की आमच्या काकाले चौदा इंजेक्शनं दिली होती. पोरांले खरं नाही वाटलं. आता ती माह्या मागं लागली की काकालेच विचारतो. उद्या सात वाजेनंतर फोन कर, तिले तूच सांग, अन् सायकलचंही सांग. तुह्या बाबाले माहा नमस्कार सांग.

पाइप बदलवाची वेळ झाली, उठतो.

तुहा,
गावातला दोस्त