नवा लॅपटॉप न विकल्याबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वाचनालयाच्या कार्यकारिणीने तुमच्या आभाराचा ठराव केला, तो इतिवृत्तात गेला. पण ठरावात कारणं लिहीत नाहीत, म्हणून हे पत्र.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले आणि आमचा इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा लॅपटॉप भंगारात जाणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. शोकेसमधला एखादा नवा दाखवून मोकळं होणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही विचारलंत, “यावर रोज काय करता?”

देवघेवीची नोंद, मराठी पत्रं, वर्गणीच्या पावत्या, थोडं इंटरनेट. एवढं ऐकून तुम्ही काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच विंडोजऐवजी चालणारी एकेक लिनक्स सिस्टिम चालवून दाखवलीत. पप्पी लिनक्स सगळ्यात चपळ होतं, कारण ते अख्खं रॅममध्येच, म्हणजे चालू कामाच्या वेगवान मेमरीतच, बसतं. मी त्यावरच अडून बसले होते. “ते सुरुवातीपासून रूट म्हणून, म्हणजे वापरणाऱ्याला सगळे अधिकार देऊन चालतं, आणि तुमच्याकडे दहा जणांचे हात लागणार,” म्हणत तुम्ही ते बाजूला ठेवलंत. लुबंटू ही दुसरी हलकी सिस्टिमही चालली असती, पण तिच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला तीनच वर्षं अपडेट. लिनक्स मिंट २२च्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला एप्रिल २०२९पर्यंत, म्हणून तीच निवडलीत. सर्वांत हलकं ते सर्वांत चांगलं, असं तुम्ही मानलं नाहीत, हे मला फार पटलं.

आणि खरा खादाड ब्राउझर! सिस्टिम कितीही हलकी घेतली तरी तो हलका होत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून चार जीबीला जोड म्हणून जुनी, तपासलेली चार जीबी रॅम लावलीत आणि हार्डडिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवलीत. माझ्या मते निम्मं काम त्या एसएसडीनेच केलं.

मराठीचं तर कोण बघतं एरवी? तुम्ही इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक लावून माझ्याकडून जोडाक्षरं टाइप करून घेतलीत. जुनी पत्रं युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टात आहेत, ती लिब्रे ऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसली. तो फॉन्ट आमच्याच जुन्या डिस्कवरून घेऊन इथे बसवलात आणि १९९८च्या वार्षिक सभेची नोटीस वाचता आली. प्रिंटर चालल्याशिवाय पैसे घेतले नाहीत, घेतले तेही एसएसडी-रॅमचे आणि थोडी मजुरी.

नव्या लॅपटॉपसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून बालविभागासाठी पुस्तकं घेतली. तुमचं आजीव सभासदत्व मंजूर झालं आहे, कार्ड काउंटरवर तयार आहे. संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी बंद.

आपली,
ग्रंथपाल