‘हात गार आहेत माझे, थांब जरा’

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच की तुमचा पत्ता माझ्याकडं नाही. महिन्याभरानं पेढे घेऊन दवाखान्यात आलो तर कळलं, तुमचा बाँड, म्हणजे सरकारी दवाखान्यातली सक्तीची नोकरी, संपला आणि तुम्ही गेलात. नंबर मागितला तर क्लार्क म्हणाला असा कुणाचा नंबर देता येत नाही, बरोबरच आहे त्याचं. पेढे सिस्टरना दिले आणि परत आलो. पण माझ्या पोरासाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार मनातच राहिले, म्हणून इथं लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

ओळख पटावी म्हणून सांगतो. डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे पावणेनऊ. तुमची नाइट संपलेली, हातात हेल्मेट, गळ्यात मफलर, तुम्ही पायऱ्या उतरत होता आणि आम्ही तिघं चढत होतो. माझा पोरगा वाकून, पाय फाकवून एकेक पायरी चढत होता आणि त्याची आई त्याला म्हणत होती, सोन्या नीट चाल की रे. तुम्ही त्याच्याकडं नाही, त्याच्या चालण्याकडं बघितलं. मग हेल्मेट तिथंच कठड्यावर ठेवलं आणि आमच्या मागोमाग परत वर आलात. केस पेपर काढायच्या लाईनीत पण उभं राहू दिलं नाही.

त्याआधीचे चार तास कसे गेले ते सांगतो. पहाटे साडेचारला पोरगं झोपेतून ओरडत उठलं. पोटात दुखतंय म्हणाला. दोनदा उलटी झाली. हिनं बेंबीला हिंग लावला, ओवा खायला दिला, माझ्या आईनं पोट शेकलं. माझा चुलतभाऊ शेजारीच राहतो, तो म्हणाला मुतखडा असणार, कुळथाचं पाणी द्या. मी विचारलं काल बॉल बिल लागला का कुठं, तर मान हलवून नाही म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. चौदा वर्षाचं पोर. आता आठवतं, तेव्हा त्याचा एक हात पोटावर नव्हताच, खाली होता, पांघरुणात. मी बघितलं होतं. बघून नजर फिरवली.

सातला गावातल्या डॉक्टरकडं नेलं. नाव लिहीत नाही, वीस वर्षं आम्ही तिथंच जातोय आणि माणूस वाईट नाही. पण केबिनमध्ये बाकावर आधीच दोन बायका बसलेल्या, कंपाउंडर दारात, पडदा नाही, काही नाही. सगळ्यांसमोर विचारलं, काय पैलवान, रात्री किती भजी हाणली? बायका हसल्या. शर्ट वर केला, पोट दोन ठिकाणी दाबलं, गॅस म्हणाले, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, दोनशे रुपये घेतले. मला त्या दोनशे रुपयांचं काही नाही. पण पोरगं उलट्या करतंय, पोट दाबल्यावर फारसं दुखत नाही आणि तरी तळमळतंय, तर अर्धा मिनिट बाकीच्यांना बाहेर काढून खाली बघायला काय लागलं असतं? तेवढंच बघायचं राहिलं आणि दीड तास गेला.

आता तुमचं.

तुम्ही त्याला आतल्या खोलीत घेतलंत, पडदा ओढलात आणि हिला बाहेर थांबायला सांगितलंत. मग पोराला विचारलंत, पप्पा थांबू देत का बाहेर जाऊ देत? तो माझ्याकडं न बघता म्हणाला, बाहेर. डॉक्टर, ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी बाहेर आलो पण लांब गेलो नाही. पडद्याची एक कडी तुटलेली होती, तिथून बोटभर फट होती, त्यातून मी बघत होतो.

तुम्ही स्टूल ओढून बसलात. तुमचं डोकं त्याच्यापेक्षा खाली आलं. आणि अगदी हळू, पण न हसता, न लाजता विचारलंत, काय भावा, गोट्या दुखतायत का? डावी का उजवी?

पोरगं रडायला लागलं. डावी म्हणाला.

मग तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यात विसरणार नाही. डिसेंबरातली आमच्याकडची सकाळ, थंडी चांगलीच होती. तुम्ही लगेच हात लावला नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, परत चोळले आणि म्हणालात, हात गार आहेत माझे, थांब जरा. मग विचारलंत, हात लावू का? पोरानं मान हलवली, मगच लावलात.

एका डॉक्टरची किती घाईची ती वेळ असेल हे मला नंतर कळलं. तुम्हाला तर तेव्हाच माहीत होतं की एकेक मिनिट महाग आहे. तरी तुम्ही दहा सेकंद हात चोळण्यात घालवलेत. पोराच्या वाट्याला सकाळपासून कुणी दहा सेकंद दिले नव्हते, बापानं पण नाही. त्या दहा सेकंदात त्याचं अंग सैल झालं, मला फटीतून दिसलं ते, मुठी उघडल्या त्याच्या.

पुढचं सगळं भराभर झालं. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, डाव्या गोटीच्या दोरीला पीळ पडलाय, टॉर्शन म्हणतात, सोनोग्राफीच्या नादी लागू नका, वेळ जाईल, सरळ साताऱ्याला निघा, मी सर्जनना फोन करतो, आणि त्याला पाणीसुद्धा देऊ नका. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंत ‘दुखणं सुरू पहाटे ४.३०’ आणि त्याला गोल केलात. गाडीत बसताना पोरानं तुम्हाला विचारलं, काढायला लागंल का? तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणालात, लागू शकतं, पण एकावर पण माणसाचं सगळं होतं, मिशी पण येते आणि पुढं पोरंबाळं पण होतात, आणि आपण तर दोन्ही वाचवायला चाललोय. पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं, पोरगं डोळे मिटून तेच पुटपुटत होतं, एकावर पण सगळं होतं. साडेदहाला पोचलो, अकराच्या आत त्याला आत घेतलं.

वाचला, डॉक्टर. सर्जन म्हणाले उघडलं तेव्हा डावा वृषण काळानिळा पडला होता, पीळ सोडवला, गरम सलाइनच्या कापडात गुंडाळून ठेवला आणि वाट बघितली, हळूहळू रंग परत आला. उजव्याला पण टाके घालून जागेवर बसवला, कारण ज्याचा एक असा सैल असतो त्याचा बहुतेक वेळा दुसरा पण तसाच असतो. सहा तासाच्या आत पीळ सुटला तर बहुतेक वेळा वाचतो, बारा तास झाले की वाचण्याची आशा निम्म्यावर येते आणि चोवीस तासानंतर क्वचितच हाती लागतो. आम्ही काठावर पोचलो होतो. गॅसच्या गोळ्या खाऊन संध्याकाळपर्यंत बघू म्हणालो असतो तर काय झालं असतं याचा विचार मी रात्री करत नाही, दिवसा करतो.

आता जरा माझ्या लाजेची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे आभार खरे होणार नाहीत. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. होय. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ च्या दुसऱ्या भागात पुरुष प्रजनन संस्थेची आकृती आहे, वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी, पुरस्थ ग्रंथी सगळं. दरवर्षी मी फुलाचे भाग दोन तास शिकवतो, खरं जास्वंद कापून दाखवतो, आणि त्या पानावर आलं की म्हणतो हे घरी वाचून घ्या, आकृती काढून आणा, मार्काला येते. पोरं पेन्सिलीनं सुबक काढून आणतात. मी बाणाची टोकं बरोबर लागलीत का बघतो आणि सही करतो. त्या बाणाच्या टोकाला जे आहे ते स्वतःच्या अंगावर आहे हे किती जणांना जोडता येत असेल देव जाणे. माझ्याच पोराला जोडता आलं नाही, आणि आलं असतं तरी सांगणार कोणत्या शब्दात? आपल्याकडं या अवयवाला एकतर शिवी आहे नाहीतर संस्कृत. वृषण म्हणून कोण रडतं का पहाटे साडेचारला? मधला, घरात आईबापासमोर बोलता येईल असा शब्दच नाही. तुम्ही पोरांचाच शब्द घेतलात आणि त्यातली घाण काढून वापरलात, मला वाटतं पोरगं त्या शब्दालाच रडलं.

आणि अजून एक. मी त्याला नंतर रागावलो होतो, की पोटात पोटात काय करत होतास, खरं का नाही सांगितलं. मग सर्जननी समजावलं आणि मी घरी येऊन पुस्तकं काढून बसलो. तर पोरगं खोटं बोलतच नव्हतं! बाळ पोटात असताना वृषण तयार होतात वर, पोटात, किडनीच्या जवळ. तिथून ते हळूहळू खाली सरकत जन्माच्या आधीच्या दोनतीन महिन्यात बाहेर पिशवीत येतात. येताना आपली रक्तवाहिनी आणि नसा वरूनच घेऊन येतात, म्हणजे त्यांचं रक्त आजपण पोटातल्या मोठ्या धमनीतून, किडनीच्या धमन्यांच्या जरा खालून येतं. म्हणून खाली पीळ पडला की दुखणं पोटात जाणवतं आणि उलट्या होतात. गाव सोडलं तरी सातबारा तिथलाच, तसं. लाज होतीच, पण पोटात दुखत पण होतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला बरं.

खाली का यायचं तर शुक्रपेशी तयार व्हायला अंगापेक्षा दोनतीन अंश कमी तापमान लागतं. पण बाहेर लोंबकळत ठेवायचं म्हणजे दोरीवर आलं सगळं. त्या एका दोरीत धमनी, शिरा, नसा, शुक्रवाहिनी. एरवी वृषण मागच्या बाजूनं पिशवीला चिकटलेला असतो म्हणून फिरत नाही, काहींचा जन्मापासून तसा चिकटलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा मोकळा असतो, आणि मग झोपेत सुद्धा फिरू शकतो. बॉल लागायलाच पाहिजे असं नाही. आमची आई अजून क्रिकेटलाच दोष देते ते वेगळं.

या जानेवारीत सराव परीक्षेच्या उजळणीला मी ते पान वर्गात उघडलं. मुलं मुली दोन्ही. फळ्यावर आकृती काढली आणि बाणावर न थांबता बोललो. अधिवृषणाची नळी उलगडली तर साधारण ६ मीटर भरते म्हटल्यावर एकानं मागं वळून भिंत बघितली, आमचा वर्ग त्याहून फार मोठा नाही. शुक्रपेशी तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात म्हटलं, तर सगळ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, सर ज्वारीपेक्षा लवकर. हसले सगळे, मी पण हसलो. मग गंभीर होऊन सांगितलं की तिथं अचानक जोरात दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, आईला उठवायचं आणि जागा दाखवायची. तास संपल्यावर एक मुलगा माझ्या मागं स्टाफरूमपर्यंत आला आणि वेगळंच काहीतरी विचारून गेला, महिनाभर घाबरून होता बिचारा, काही नव्हतं, वयाप्रमाणं होतं ते. कुणाला विचारणार होता तो?

तुम्ही म्हणाल एवढं काय, माझं कामच होतं ते. असेल. पण आमच्या एसटीला एक कंडक्टर आहेत, म्हातारी बाई झोपली असेल तर तिचा स्टॉप यायच्या आधी जाऊन हळूच उठवतात, पिशवी खाली देतात, ते पण काम म्हणूनच करतात. त्यांच्या ड्युटीच्या कागदात असं काही लिहिलेलं नसणार. तुमच्या पण एमबीबीएसच्या पुस्तकात हात चोळा असं कुठं असेल तर मला माहीत नाही, पण मला वाटतं ते तुम्हाला घरून आलंय. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

पोरगं आता ठीक आहे. पंधरा दिवस धावायचं नाही म्हणून जीव खाल्ला आमचा, आता परत ग्राउंडवर असतं. पत्र लिहितोय म्हटल्यावर त्यानं एक प्रश्न विचारायला सांगितलाय. तुम्ही मांडीला आतून बोट फिरवलंत तेव्हा उजवी आपोआप वर उचलली गेली आणि डावी जागची हलली नाही, ते काय होतं? मी सांगितलं त्याला, त्या दोरीवर एक स्नायू असतो, मांडीला स्पर्श झाला की तो आखडतो, पीळ पडला की त्याचं चालत नाही, त्यावरूनच डॉक्टरांनी ओळखलं. तो म्हणाला तुम्ही नका सांगू, त्यांना विचारा.

तेव्हा तुम्हीच या आणि सांगा. शेतात हुरडा अजून पंधरा दिवस आहे, वांगी घरची आहेत, शेंगदाण्याची चटणी ही करते. एसटी स्टँडवर उतरून सायन्सचे सर म्हणून कुणालाही विचारा.