गाळा घेतला आहे, मुदतठेव मोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, “कर्ज कशाला? माझी मुदतठेव मोड आणि मोकळी हो,” तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही आणि ते मनाला लागून राहिले. बार्शीच्या मार्केट यार्डाजवळच्या गाळ्याचे खरेदीखत गेल्या गुरुवारी नोंदवले गेले. तुम्हाला आधी विचारले नाही याची रुखरुख आहे; पण विचारले असते तर बाबांनी ठेवीची पावती माझ्या हातावर ठेवली असती आणि मला ती परत करता आली नसती.

हिशेब बाबांच्याच पद्धतीने मांडते. किंमत ४० लाख. त्यांतले १२ लाख माझे, २८ लाख बँकेचे. १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी हप्ता सुमारे ३०,१०० रुपये बसतो आणि भाडे १८,००० ठरले आहे, म्हणजे दरमहा १२ हजारांहून थोडी अधिक भर मला पगारातून घालावी लागेल. हे मी लपवत नाही. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून ठेवले आहेत. मुद्रांक शुल्कातील स्त्रियांची एक टक्का सवलत फक्त घरांना असल्यामुळे इथे मिळाली नाही. वकिलांकडून मालकीच्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला, बिनशेतीचा आदेश (जमीन शेतीशिवाय वापरायची परवानगी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) स्वतः पाहिले.

खतांच्या दुकानवाल्यांनी २२,००० भाडे देऊ केले असताना रक्ततपासणीच्या लॅबला गाळा का दिला, हे बाबा विचारणारच. आपला बाजार तूर-ज्वारीच्या आवकेवर चालतो. पाऊस हुकला की शेतकऱ्याची उधारी थकते, दुकानदाराची वसुली थकते आणि शेवटी भाडे थकते. हे मी कोणाकडून शिकले, ते बाबांना ठाऊक आहे. रक्त तपासायला माणसे सुगीची वाट पाहत नाहीत. करार पाच वर्षांचा, नोंदणीकृत आहे आणि भाड्यात दरवर्षी पाच टक्के वाढ आहे.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो. मी नोकरी सोडून गाळ्यात बसायला येईन, अशी बाबांची मनातून इच्छा होती. ते होणार नाही. पण संध्याकाळी आई दारातच बाबांच्या सदऱ्यावरचा तुरीचा भुसा झटकायची आणि मी त्यांच्या बोटांवरची शाई मोजायची, ते मी विसरलेले नाही. ३१ वर्षे बाबांनी दुसऱ्यांच्या आडतीची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिली. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर त्यांच्या सुंदर अक्षरात ‘श्री’ उमटायचे आणि वही मालकाच्या कपाटात जायची.

आता मुदतठेवीबद्दल. तिच्यावर ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर आहे, महिन्याच्या व्याजावर तुमचे दूध, औषधे आणि आईच्या कामवाल्या मावशी चालतात, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर मूळ रक्कम लागेल. तिला हात लावायचा नाही. पतसंस्थेतली ठेवही मुदत संपताच बँकेत आणा. बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या रकमेला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेत ते नसते. एका टक्क्याच्या जादा व्याजासाठी रात्रीची झोप घालवू नका.

आई, गाळ्याच्या पूजेला यायचे ते रिक्षाने. भगवंताच्या देवळापासून चालत येण्याचा हट्ट करायचा नाही. तुझ्यासाठी हातांची खुर्ची सांगून ठेवली आहे, खाली बसायचे नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर न चुकता घ्यायची आणि पूजेच्या गडबडीत उपाशी राहायचे नाही.

लॅबचे पहिले भाडे १ तारखेला बाबांच्या खात्यावर जमा होईल, तिथूनच ते माझ्याकडे वळते करायचे. त्याची नोंद बाबांनीच ठेवायची आहे. लाल कापडी बांधणीची कीर्द मी शनिवारी घेऊन येते. शाईचे पेन तेवढे शोधून ठेवा.

तुमची,
लेक