काँप्युटर बदला म्हणायच्या आधी झाकण तरी उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे फुकटचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला, तेव्हापासून आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात ज्याच्या त्याच्या घरी एकच विषय, जुना डेस्कटॉप ठेवायचा की काढायचा. दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, "भिया, अब इसमें कुछ नहीं बचा, नया ले लो." मी घरूनच अकाउंट्सचं काम करतो, टॅली, जीएसटी रिटर्न वगैरे, आणि नातेवाईकांचे, शेजाऱ्यांचे पीसी उघडून बघायची खोड जुनी आहे, म्हणून लोक मलाही विचारतात. माझं म्हणणं असं की मशीन किती वर्षांचं आहे यावरून काही ठरवूच नका. आज जो पैसा लावणार तो पुढे नवीन मशीन घेतलं तर त्यात कामी येणार, की ह्या डब्याबरोबरच बुडणार, एवढं बघा.

डेस्कटॉपमध्ये हे शक्य आहे, लॅपटॉपमध्ये फारसं नाही. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवलं, आणि आजही साध्या असेंबल्ड (सुटे पार्ट जोडून केलेल्या) मशीनचा कॅबिनेट, एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डाच्या स्क्रूची भोकं त्याच मापाने चालतात. म्हणजे कॅबिनेट, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी नव्या जातीची डिस्क), एसएमपीएस, यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड यावर घातलेला पैसा वाया जात नाही, उद्या आतला बोर्ड बदलला तरी हे सगळं तिथेच राहतं. बुडतो तो पैसा जुन्या सॉकेटच्या (बोर्डावरच्या बैठकीच्या) प्रोसेसरवर, जुन्या बोर्डावर आणि जुन्या जातीच्या रॅमवर. डीडीआर3 ची रॅम डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

आता सगळ्यात कॉमन तक्रार, "स्लो झालाय हो". टास्क मॅनेजर उघडून बघा, प्रोसेसर 10-15 टक्के, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क 100 टक्के, अशी दहातली बरीच मशीनं असतात. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागोजागी जाऊन वाचते, सेकंदाला शंभरेक ठिकाणं झाली की ती दमली, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणांहून वाचते. म्हणून इंटेलचा चौथ्या जनरेशनचा जुना आय3 प्रोसेसर असला तरी एसएसडी घातल्यावर घरचे विचारतात की नवीन आणला का. घेताना अडीच इंची साटावाली (हार्डडिस्कसारखीच वायरने जोडायची) घ्या, त्या काळच्या बहुतेक बोर्डांना एम.2 चा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा, स्लॉट नसतो आणि साटाचं पोर्ट नव्या बोर्डावरही मिळतंच, त्यामुळे ती पुढेही चालेल. आणि जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने आधी बघून घ्या, तिथे पिवळ्या रंगात कॉशन दिसलं तर बाकी विचार नंतर, आधी फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे काढा.

एक किस्सा सांगतो, दुकानाचं नाव घेत नाही. रामबागेतल्या आमच्या एका मावशींचा पीसी, बँकेची साइट उघडेना, उघडायला गेलं की कनेक्शन सुरक्षित नाही असं लाल अक्षरात, आणि सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर एफ1 दाबा म्हणून अडून बसायचा. दुकानदाराने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, नव्या सेटचं कोटेशनसुद्धा हातात दिलं. मी खाली कोपऱ्यात बघितलं तर तारीख 2013 ची. बोर्डावरचा सीआर2032 सेल उतरलेला, तीन व्होल्टचा रुपयाएवढा सेल, पन्नास रुपयांच्या आत येतो. तो उतरला की प्लग काढल्यावर मशीन तारीख विसरतं आणि बोर्ड बनला त्या सुमारच्या तारखेला जाऊन बसतं, मग बँकेचं सर्टिफिकेट त्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं, ब्राउझर बिचारा नाही म्हणणारच. सेल बदलला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तारीख टाकली, झालं. मावशी म्हणाल्या, "अरे मग तो मदरबोर्ड का म्हणत होता?" आता काय सांगायचं.

दुकानदाराची बाजूही आहे बरं का. सेल बदलण्यात त्याला काय मिळणार, अर्धा तास घालवायचा आणि गिऱ्हाईक पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणार, शिवाय पुढे सहा महिन्यांत काहीही बिघडलं की "तुमच्याकडेच केलं होतं" म्हणून परत दारात. लोक बघण्याची फी द्यायला तयार नसतात म्हणून तो पार्ट विकतो. तपासायचे दोन-तीनशे वेगळे द्यायची सवय आपण लावून घेतली तर खरं निदान मिळण्याची शक्यता वाढेल असं माझं मत.

आपोआप बंद होणारे, रीस्टार्ट होणारे पीसी ही दुसरी जात. यातले बरेच नुसते गरम होत असतात. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) राजवाड्याच्या बाजूच्या एका घरातला कॅबिनेट उघडला तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि गुलाल मिळून गुलाबी नमद्यासारखा थर बसलेला, पंखा फिरतोय पण हवा जाणार कुठून, आणि खालची थर्मल पेस्ट वाळून भुगा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नवीन पेस्ट लावायची, खर्च जवळपास नाहीच. रॅम काढून खोडरबराने तिचे सोनेरी पाय पुसून परत लावणं हे तर आपल्याकडे पोरंटोरं पण करतात आणि बऱ्याचदा डिस्प्ले येतोही. यूपीएसची बॅटरी पण बघा, घरगुती यूपीएसमध्ये सहसा बारा व्होल्ट सात एएचची असते, दोन-तीन वर्षांत बसते, मग लाइट नुसती लुकलुकली तरी पीसी रीस्टार्ट होतो आणि शिव्या पीसीला. एसएमपीएस घ्यायची वेळ आली तर लोकल डबा घेऊ नका, चांगल्या कंपनीचा घ्या, आणि प्रोसेसरसाठी आठ पिनवाली वायर आहे का ते बघा, म्हणजे पुढच्या बोर्डालाही तोच चालेल.

मग बदलायचा कधी? मदरबोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे पार्ट) वरून फुगलेले असतील, किंवा बोर्ड खरोखर मेला असेल आणि प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा असेल, तर जुन्याच मॉडेलचा सेकंडहँड बोर्ड शोधत सिल्व्हर मॉल आणि जेल रोडचा काँप्युटर बाजार पालथं घालू नका. मिळतो, पण तोही तेवढाच जुना आणि कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला असतो. तिथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम असे तीनच नवीन घ्यायचे, बाकी सगळं आपलं जुनंच. मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं कनेक्शन) असलं म्हणून तो टाकू नका, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो. मात्र हे सगळं असेंबल्ड मशीनचं झालं, ब्रँडेड छोट्या कॅबिनेटमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस पुष्कळदा त्या कंपनीच्याच मापाचे असतात, तिथे बाहेरचं बसत नाही. ऑफिसांतून निघालेली रिफर्बिश्ड मशीनं हाही चांगला पर्याय आहे, फक्त प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा बघून घ्या, आणि वर सांगितलेली मापाची अडचण तिथेही येते.

आठवी जनरेशन का, तर विंडोज 11. त्याला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना भलतं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, आणि इंटेलची ती यादी साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते, जी डेस्कटॉपवर 2017 च्या शेवटी आली. त्याआधीच्या मशीनवर काही मेकॅनिक जुगाड करून 11 टाकून देतात, चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, त्यामुळे ज्या मशीनवर रिटर्न भरता, बँकिंग करता तिथे हे मी तरी करणार नाही. विंडोज 10 वरच राहायचं असेल तर घरगुती युजरना सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येतात, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली त्याची लिंक येते, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पण पडत नाहीत. दुकानदार हे सांगत नाहीत. अपडेट बंद म्हणजे मशीन दुसऱ्या दिवशी बंद असं नसतं, पण हळूहळू बाकीचे पण साथ सोडतात, क्रोमने 2023 मध्ये विंडोज 7 आणि 8.1 ला असंच सोडलं. ज्या घरात फक्त यूट्यूब, मेल आणि कीर्तन ऐकणं एवढंच आहे तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, मराठी टायपिंगही होतं. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावायचा असेल तर आधी चौकशी करा.

ट्रान्सपोर्टवाल्यांचा प्रश्न अजून वेगळा, बिल्टी (मालाची पावती) काढायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याला जाडी पॅरलल केबल. नव्या बोर्डावर ते पोर्ट सहसा नसतं, यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो पण प्रत्येक सॉफ्टवेअरचं त्याच्याशी पटतंच असं नाही. अशा ठिकाणी जुनं मशीन इंटरनेट काढून नुसतं प्रिंटिंगला ठेवलेलं बरं.

आणि सध्या घाई न करण्याचं एक कारण आहे. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव कडाडलेत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला, त्यामुळे नवीन सेटमध्ये रॅमच खिसा कापते. ज्याचं जुनं मशीन एसएसडी टाकून वर्षभर ओढता येतं त्याने ओढावं.

काढायचंच ठरलं तर अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) द्यायच्या आधी हार्डडिस्क काढून घ्या. नुसतं फॉरमॅट केल्याने पॅन, आधार, जुनी रिटर्नं पुसली जात नाहीत, शोधणाऱ्याला सापडतात. बाकी डबा कचऱ्याच्या गाडीवर इ-वेस्टच्या वेगळ्या खान्यात द्या, आपल्या इंदूरात कचरा सहा प्रकारांत घेतात आणि त्यात इ-वेस्ट आहे, तरी आमच्या गल्लीत कीबोर्ड आणि माउस सुक्या कचऱ्यात पडलेले दिसतात. रिपेअरवाल्यांकडे एकच मागणी, कोणता पार्ट बदलला ते बिलावर लिहा आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मोटरसायकलवाले देतात, तुम्हालाही जमेल.

आपला,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर