मनू, त्याला आकडा कळलाय का?

चि. मनू,
परवा फोनवर माझा आवाज चढला. "बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय" म्हणालीस ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मग दोन रात्री मोबाईलवर वाचत बसलो, आई म्हणते म्हाताऱ्याची परीक्षा इली वाटता.

तर सोहमचा बुद्ध्यांक (आयक्यू) चाचणीत 89 आला. सरासरी 100 धरतात आणि तीनातली दोन मुलं 85 ते 115 मध्येच असतात, म्हणजे पोरगा चारचौघांतलाच आहे, आणि परत बसवला तर चार-पाच इकडेतिकडे होणारच. ज्या बिने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1905 साली पॅरिसला ही चाचणी काढली त्याला शाळेत जादा मदत कुणाला लागेल ते शोधायचं होतं, बुद्धी वाढतच नाही म्हणणाऱ्यांवर तो स्वतःच चिडलेला. 1934 मध्ये आपल्याकडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी-कानडीत आणली. सोहमची कुठल्या भाषेत घेतली गं? आकडा अगदीच फुकट नाही हेही मानतो, शाळेचा अभ्यास कितपत झेपेल त्याचा अंदाज बऱ्यापैकी येतो, कशात अडला ते बघून त्याची तयारी करून घ्या, रोज अर्धा तास, टीव्ही बंद... झालं बघ सुरू माझं लेक्चर. सॉरी.

पण त्याच्यासमोर बोललात का तुम्ही? एवढंच सांग.

गेल्या मे महिन्यात देवगडला जेटीच्या पायरीवर बसून असायचा, पाणी चढायचं थांबलं की माझं घड्याळ बघायला धावत यायचा. चौथ्या दिवशी म्हणतो, आजोबा, भरती रोज पाऊण तास लेट येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी अण्णांचा मार खाऊन शिकलो, याला कुणीच सांगितलं नव्हतं. चाचणीत हे कुठे विचारतात? असो, आजोबाच बोलतोय, धरून चालू नकोस.

दादाला मी ढ म्हणायचो, तुला आठवत असेल. चौथीत असताना, गणपतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर. आज नुसत्या आवाजावरून इंजिनात काय बिघडलंय ते सांगतो, लोक लांबून ट्रॉलर घेऊन येतात त्याच्याकडे. आणि बँकेत गेला की फॉर्म अजून वहिनीपुढे सरकवतो, मला नाही जमायचं म्हणतो. परवा मी बाजूलाच उभा होतो, काही बोललो नाही.

पेटी एसटीने पाठवलीये, वरचे चार तयार आहेत, बाकीचे पेंढ्यात ठेव. रविवारी फोन करीन तेव्हा सोहमला दे, मी त्याला काही विचारणार नाही. रिपोर्ट टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलायस का? किल्ली कुठे असते ते त्याला माहितीय गं.

बाबा